एकसष्ट प्रश्न आणि एक बादली

सर, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर दत्तक गावात आहे, २८ मुलंमुली आहेत. नुसतं श्रमदान आणि प्रभातफेरी नको, गावातल्या सरकारी सेवांवर थोडी देखरेखही मुलांनी करावी, म्हणून तुम्ही त्यांना प्रश्न काढायला लावले. तासाभरात फळ्यावर ६१ प्रश्न जमले. आता त्यातले चांगले कुठले? आणि तुम्हीच निवडून दिले तर मुलं शिकणार काय? वानगीदाखल चार प्रश्न पाठवलेत: 'गावात पाणी पुरेसं येतं का?', 'रेशन दुकानदार भ्रष्टाचार करतो का?', 'अंगणवाडीत आहार चांगला मिळतो का?', 'ग्रामसभा का होत नाही?'

प्रश्न ६१ झाले ही अडचण नाही, मुलांची डोकी चालतात एवढाच त्याचा अर्थ. अडचण अशी की चारही प्रश्नांत मुलांचं मत आधीच ठरलेलं आहे. पाणी कमी येतं, दुकानदार खातो, आहार वाईट आहे, सभा होत नाही. शेवटी फक्त प्रश्नचिन्ह लावलंय. असे प्रश्न घेऊन मुलं घरोघर गेली की लोक त्यांना हवं ते सांगतात, किंवा कटकट नको म्हणून 'बरं चाललंय' म्हणतात. दोन्हीत हाती काही लागत नाही.

उत्तर देण्याआधी काही गोष्टी मोकळेपणाने सांगते. मी जे सांगणार ते तुमच्या गावाला जसंच्या तसं लागू पडेलच असं नाही. तुम्ही सात दिवसांसाठी जाताय; मी ज्या गटांबरोबर काम करते ती मुलं त्याच गावात राहतात. तुमची मुलं बाहेरची असल्याने त्यांना भीती कमी, पण लोक त्यांच्याशी मोकळे होतील तेही कमी. गावात निवडणूक तोंडावर असेल तर हा उद्योग यंदा करूच नका, प्रत्येक प्रश्न कुठल्या तरी पॅनेलचा ठरतो. आणि शिबिर संपल्यावर महिना-दीड महिन्याने त्या गावात परत जाणं तुम्हाला जमणार आहे का, हे आधी ठरवा. जमणार नसेल तर प्रश्न एकच घ्या आणि तोही गावाला तिथल्या तिथे उत्तर सांगता येईल असा.

माझी सुरुवातही तुमच्या फळ्यासारखीच झाली होती. पहिल्या वर्षी मी एका किशोरवयीन गटाबरोबर अंगणवाडीसाठी प्रश्नावली केली. प्रश्न ८४. मला तिचा फार अभिमान होता, झेरॉक्स काढून बाइंडिंगसुद्धा केलं होतं. मुलींनी अंगणवाडी सेविकेला समोर बसवून दीड तास एकेक प्रश्न विचारला. साठाव्या प्रश्नाच्या आसपास त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मानधन तीन महिने थकलेलं, पोषण आहाराचा माल वेळेवर येत नाही, आणि तिच्याच गल्लीतल्या पोरी वही घेऊन विचारतायत की भिंतीवर तक्ता का नाही. त्या ८४ उत्तरांचं पुढे आम्ही काहीच केलं नाही, करता येण्यासारखं त्यात काही नव्हतं. तेव्हापासून मी मुलांना पहिली गोष्ट शिकवते ती प्रश्न विचारायची नाही, उत्तर लिहायची.

म्हणजे असं. प्रत्येक गटाला एक कोरा कागद द्यायचा आणि सांगायचं: समजा काम संपलं, उद्या चावडीवर तुम्हाला दोन वाक्यांत उत्तर वाचायचंय. ते वाक्य आत्ता लिहा. आकडे माहीत नसतील तिथे रिकामी जागा सोडा. 'गावात पाणी पुरेसं येतं का' या प्रश्नावर मुलं लिहितात, 'गावात पाणी पुरेसं येत नाही.' मग मी विचारते, हे वाचल्यावर सरपंच काय म्हणतील? मुलंच सांगतात, 'म्हणतील, येतं की!' मग? संपलं. या कागदात रिकामी जागाच नाही, म्हणजे शोधण्यासारखं काही उरलेलं नाही. पुन्हा लिहा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कोणीतरी लिहितं: 'टाकीजवळच्या घरात माणशी ___ लिटर पाणी येतं आणि शेवटच्या आळीत माणशी ___ लिटर.' आता प्रश्न झाला. मुलांना हा फरक सांगून कळत नाही, कागदावर रिकामी जागा दिसली की कळतो.

पाण्याचं उदाहरण जरा सविस्तर घेते, कारण सात दिवसांत होण्यासारखं आहे. जलजीवन मिशन या घरोघर नळाने पाणी देण्याच्या सरकारी योजनेचा निकष माणशी दररोज ५५ लिटरचा. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. हे मुलांना सांगितलं की त्यांचा पहिला विचार असतो, घरोघर जाऊन 'किती लिटर येतं' विचारायचं. कोणाला माहीत असतं हो? आपल्या स्वतःच्या घरी तरी माहीत आहे का? म्हणून एक बादली घ्यायची, १५ लिटरची, आणि मोबाइलमधलं घड्याळ. नळ पूर्ण सोडायचा, बादली किती सेकंदांत भरते ते लिहायचं. मग पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं आणि किती दिवसांनी येतं, हे तीन आकडे. बाकी शाळेतलं गणित.

एका गावात आमच्या मुलींनी हेच केलं. टाकीजवळच्या घरात बादली ९० सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला १० लिटर. पाणी दिवसाआड ४० मिनिटं. हिशेब केला तर पाच माणसांच्या घरात माणशी रोजचे ४० लिटर. शेवटच्या वस्तीत तीच बादली भरायला चार मिनिटं लागली. तिथे माणशी १५ लिटर पडले. एकच योजना, एकच टाकी, पाणी सुटायची वेळही तीच. दोन्ही ठिकाणी 'पाणी येतं का?' विचारलं असतं तर दोन्हीकडून 'येतं' असंच उत्तर आलं असतं.

मुलींना वाटलं, व्हॉल्व्हमन, म्हणजे गावाला पाणी सोडणारा माणूस, वरच्या म्हणजे टाकीजवळच्या आळीची बाजू घेतो. त्यांनी तसं लिहायलाही घेतलं होतं. मी म्हटलं, लिहू नका, तुमच्या प्रश्नात व्हॉल्व्हमन कुठे आहे? त्याच्याबरोबर एक दिवस फिरा. फिरल्या. तर वरच्या अकरा घरांनी नळाला थेट मोटर लावली होती, पाणी सुटलं की सगळ्यांच्या मोटरी एकदम चालू. व्हॉल्व्हमन बिचारा महिना किरकोळ पगारावर, तो कोणाला काय बोलणार. चावडीवर हे वाचलं तेव्हा बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मागे बसलेली एक आजी म्हणाली, 'आता बोला की, का मोटरीत पाणी गेलं?' त्या अकरा घरांतली दोन घरं आमच्याच गटातल्या मुलींची होती.

हे लांबण लावलं ते एवढ्यासाठी की तुमचे चारही प्रश्न गुन्हेगार ठरवून निघालेत. मुलं आधीच दुकानदाराकडे बोट दाखवत असतील तर त्यांना मोटर दिसणारच नाही. कोणता प्रश्न चांगला, असं मुलांनी विचारलं की मी उलट विचारते, उत्तर तुमच्या अंदाजाच्या विरुद्ध आलं तरी हा प्रश्न तुम्हाला ठेवावासा वाटेल का? वाटणार नसेल तर ती तक्रार आहे. तक्रार करायला हरकत नाही, पण ती देखरेख नव्हे.

रेशनचं बघा. 'भ्रष्टाचार करतो का' हा प्रश्न मुलांना फार आवडतो, त्यात थरार आहे. पण त्याचं उत्तर देणार कोण? दुकानदार 'करतो' म्हणणार नाही आणि लोक अंदाज सांगतील. त्याऐवजी तीन कागद शेजारी ठेवायचे. कार्डावर माणसं किती, ई-पॉस, म्हणजे रेशन दुकानातल्या नोंदीच्या मशीनच्या पावतीवर किलो किती आणि घरी काट्यावर वजन किती. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो, हा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याचा हक्क. चार माणसांचं कार्ड असेल तर २० किलो. पावती २० ची आणि काट्यावर १८ भरलं, तर मुलांना काही बोलायचीही गरज नाही.

इथे एक खड्डा आहे, त्यात मी मुलांना पडताना पाहिलंय. एका पोराने धावत येऊन सांगितलं, 'मॅडम, घोटाळा सापडला! एका घरात दोनच माणसं आणि पावती ३५ किलोची, शेजारी सहा माणसं आणि त्यांना ३० च.' दुकानासमोर जाऊन बोललासुद्धा होता. ते दोन माणसांचं घर अंत्योदयचं, म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबांसाठीच्या कार्डाचं होतं. अंत्योदय कार्डाला माणसं कितीही असोत, ३५ किलो मिळतं. दुकानदाराने चारचौघांत त्याला ते समजावलं, आणि पुढचे दोन महिने त्या दुकानात आमच्या कोणत्याही पोराचं कोणी ऐकेना. चूक पोराची नव्हती, माझी होती. निकष काय आहे हे कागदावर लिहिल्याशिवाय मी त्यांना मोजायला पाठवलं होतं. आता नियम असा: ज्या प्रश्नाचा 'किती असायला हवं' हा आकडा आम्हाला माहीत नाही, तो प्रश्न आकडा सापडेपर्यंत भिंतीवर चिकटवलेलाच राहतो, कामाला घ्यायचा नाही. गहू-तांदळाचं प्रमाण बदलत असतं, तेव्हा त्या महिन्याचं नियतन, म्हणजे मंजूर धान्य काय होतं तेही बघून घ्या.

अंगणवाडीवर फार वेळ घालवू नका असं माझं मत. आहार 'चांगला' आहे की नाही हे उष्मांक आणि प्रथिनं मोजल्याशिवाय ठरत नाही, ते आपल्या आवाक्यात नाही. फार तर गेल्या महिन्यात गरम आहार किती दिवस शिजला आणि कच्चा माल कोणत्या तारखेला आला, एवढं बघा. यात सेविका तुमच्या बाजूने बोलते, कारण उशीर तिच्यामुळे होत नसतो.

उलट शाळेतलं दुपारचं जेवण मुलांना जमतं. सहावी ते आठवीच्या मुलाला दीडशे ग्रॅम धान्य, पहिली ते पाचवीला शंभर. मुख्याध्यापकांना विश्वासात घेऊन, शिजवायच्या आधी तांदूळ किती काढला आणि त्या दिवशी ताटावर मुलं किती बसली, हे दोनच आकडे. पण मुख्याध्यापकांची परवानगी पाहिजे, चोरून बघायचं नाही. ही माझी हट्टाची गोष्ट आहे. ज्याची देखरेख करतोय त्याला आधी माहीत असलं पाहिजे.

आता 'ग्रामसभा का होत नाही'. सर, 'का' हा शब्द मुलांचा लाडका असतो आणि असायलाच हवा, पण तो कुठे वापरायचा हे शिकवावं लागतं. मुलं पुढे माहिती अधिकाराचा अर्ज करतील तेव्हा हाच शब्द त्यांना आडवा येईल. २००५ च्या कायद्यात 'माहिती' म्हणजे दप्तरात असलेली माहिती. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये स्पष्टच म्हटलंय की अमुक गोष्ट का केली किंवा का केली नाही, याचं स्पष्टीकरण 'माहिती'त येत नाही. म्हणजे 'ग्रामसभा का झाली नाही?' असा अर्ज टाकला की तो फेटाळायला माहिती अधिकाऱ्याला फार विचार करावा लागत नाही. दहा रुपयांचं तिकीट आणि ३० दिवस वाया.

याच प्रश्नाचे कागद कुठले, ते शोधायला मुलांना लावा. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. गणपूर्ती, आपण कोरम म्हणतो तो, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी असेल तो. कोरम भरला नाही की सभा तहकूब होते, आणि खरा खेळ तिथून पुढे असतो, कारण तहकूब सभेला कोरम लागत नाही. म्हणजे प्रश्न असा होतो: गेल्या चार ग्रामसभांच्या तारखा कोणत्या, त्यातल्या किती तहकूब झाल्या, तहकूब सभा नंतर कधी घेतली आणि इतिवृत्तात सह्या किती आहेत. हे सगळं दप्तरात असतं. नकला मागता येतात, नाहीतर जाऊन पाहताही येतं, कायद्यात अभिलेखांची पाहणी करायचा हक्क वेगळा दिलेला आहे. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लिहायचा असतो. यावर लोक चिडतात, पण शिकवायला मला ही अट फार उपयोगी पडली. पाच पोरांचा गट दीडशे शब्दांत बसवायला बसला की अर्ध्या तासात त्यांना आपोआप कळतं की त्यांना नक्की काय हवंय.

'का' मग विचारायचा कुठे? गावात. आकडे वाचून झाल्यावर, लोकांनाच. त्याचं उत्तर कागदात सहसा नसतं, ते त्या आजीकडे असतं.

ही रीत काही मी शोधून काढलेली नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना या गावी पहिली जनसुनवाई घेतली, तेव्हा माहिती अधिकाराचा कायदाही नव्हता. लोकांसमोर हजेरीपट आणि बिलं वाचली. या कामावर तू होतास का? एवढे पैसे तुला मिळाले का? एवढंच. ज्याचं नाव वाचलं त्याला उत्तर माहीत होतं, आणि ते 'हो' किंवा 'नाही' यातलं एक होतं. आपल्याकडे २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, त्यातही गावाने मिळून उत्तरं द्यायची आणि सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा. रंग कोणता यावर गावात वाद व्हायचे. मी प्रश्न करायला शिकले ती त्या वादांत बसून. ज्या प्रश्नाच्या रंगावर सारखी भांडणं व्हायची तो प्रश्नच धड नसायचा.

त्यावरूनच मुलांसाठी एक चाचणी केली, ती पहिल्याच संध्याकाळी घ्या. उरलेल्या प्रश्नांतला एक प्रश्न घेऊन दोन मुलांना एकाच घरी अर्ध्या तासाच्या अंतराने पाठवा. परत आल्यावर दोघांच्या वह्या ताडून बघा. एकाने 'पाणी कमी' आणि दुसऱ्याने 'ठीक' लिहिलं असेल तर प्रश्न ढिला आहे, घरातली माणसं नव्हेत. दोघांच्या वहीत एकच आकडा आला तर प्रश्न पक्का. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ती माऊली दुसऱ्या पोराला म्हणते, 'आत्ताच तर सांगितलं त्याला, तुम्ही एकमेकांशी बोलत नाही का?' ही चाचणी मुलं स्वतः करतात, प्रश्न तीच पाडतात, तीच वाचवतात. तुम्ही निवडून द्यायचा मुद्दाच येत नाही. ६१ मधले पंचवीस-तीस उत्तराच्या कागदावर गळतात, निकष न सापडल्याने दहाएक भिंतीवर अडकतात, आणि बाकीचे या चाचणीत. चार-पाच उरले तरी पुष्कळ.

त्या चार-पाचातून शेवटचा एक निवडताना मी दोनच गोष्टी बघते. उत्तर वाईट आलं तर कोणाच्या टेबलावर जायचं, हे मुलांना नावानिशी नाही तरी पदानिशी सांगता यायला हवं: ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), पुरवठा निरीक्षक, आरोग्य सेवक. 'सरकार' हे कोणाचंच टेबल नव्हे. आणि दुसरं, उत्तरामुळे कोणाचं पोट मारलं जाणार आहे का, किंवा गटातल्या कोणाच्या घरावर ते येणार आहे का. तुमच्या २८ मध्ये त्या पंचक्रोशीतली मुलं असतील तर हे त्यांना खाजगीत विचारा, सगळ्यांसमोर कोणी सांगत नाही. अठराखालच्या कोणाच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज टाकू नका. कायदा अडवत नाही, पण अर्जदाराचं नाव गावात पोहोचायला संध्याकाळ लागत नाही.

तुमच्या जागी मी असते तर यंदा पाणीच घेतलं असतं. त्याला जोडून एक सोपी गोष्टही बघता येईल: ओटी टेस्ट. नळाच्या पाण्यात द्रावणाचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पाण्यात पडते की नुसती खोलीत पडून राहते, ते तिथेच दिसतं. आरोग्य उपकेंद्राकडे किंवा ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे किट असतं, त्यांनाच बरोबर घ्या. टाकीजवळ एक नळ, मध्ये एक, टोकाला एक. शेवटच्या नळाला रंग आला नाही तर वरचे दोन तपासून ठेवलेले उपयोगी पडतात.

पाणी दिवसाआड येत असेल तर सात दिवसांत तुम्हाला तीन-चारच पाळ्या मिळतील, त्यातली पहिली गोंधळात जाणार असं धरून चाला. बादल्या गावात मागू नका, प्रत्येक घरची वेगळी असते. एकाच मापाच्या सहा बादल्या कॉलेजातून न्या आणि लिटरच्या खुणा निघायच्या आधीच करून ठेवा. शिबिरात ऐन वेळी मार्कर सापडत नाही.